ब्रेकमास्तरांची विलायती गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. 'जुनी' म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही, कारण जुनेपणाला मान असतो. पण कुणी मला 'वापरलेली' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चपला वापरलेल्या असतात, दात घासायचे ब्रश वापरलेले असतात. मी आलिशान आहे, विलायती आहे, आणि आज ज्या अंगणात मी चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसून आहे तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसापेक्षा माझा जन्म चांगल्या घराण्यात झाला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नकोत.

एका थंड देशातल्या कारखान्यात मी तयार झाले. माझ्या सीटचं कातडं निवडायला एक म्हातारा कारागीर होता. तो डोळे मिटून नुसत्या तळहाताने कातडं पारखायचा आणि दहांतली नऊ कातडी बाजूला फेकायचा. दार लावल्यावर आवाज कसा यावा, एवढंच ठरवायला एक वेगळा माणूस पगारावर ठेवलेला होता. तो दिवसभर दारं लावायचा, ऐकायचा आणि नाक मुरडायचा. नाक मुरडायला मी त्याच्याकडूनच शिकले. तुमच्या घरच्या गाड्यांची दारं लावली की पत्र्याचं पिंप लाथाडल्यासारखं वाटतं. माझं दार फक्त 'थप्' म्हणायचं, आणि बाहेरचं जग बाहेर राहायचं.

माझा पहिला मालक एक मोठा कारखानदार होता. तो मागे बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि पुढे हातमोजे घातलेला ड्रायव्हर असायचा. तो ड्रायव्हर रोज सकाळी हरणाच्या मऊ कातड्याने मला पुसायचा आणि शेवटी आरशावर फुंकर घालायचा. रस्त्याने जाताना लोक थांबून बघायचे. मी कुणाकडे बघत नसे. पुढे मालक वारला. त्याच्या मुलीने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "नको, ही फार पेट्रोल पिते." बापाच्या मागे बापाच्या गाडीला असं बोलणारी ती मुलगी माझ्या मनातून कायमची उतरली. घराण्याला शोभेल इतकंच मी पीत होते.

त्यानंतरची काही वर्षं मी कुठे होते, याबद्दल मी काही बोलणार नाही. प्रत्येक खानदानी घरात एखादं बंद कपाट असतंच.

मग एके दिवशी मला लोखंडी पेटाऱ्यात कोंबून जहाजावर चढवलं. किती आठवडे गेले कोण जाणे. पेटारा उघडला तेव्हा भलत्याच देशाचं भलतंच ऊन डोळ्यांवर आलं. मला बंदराच्या एका सखल मैदानात उभं केलं होतं. भरतीच्या वेळी तिथे खारं पाणी शिरायचं आणि माझ्या पोटाला लागून तासन्तास उभं राहायचं. माझ्या दोन्ही बाजूंना तीनचाकी टेम्पो होते. त्यांना त्या पाण्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण सांगणार कुणाला?

तिथून मला अत्तरवाल्याने नेलं. त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही. प्रत्येक गाडीत तो स्वस्त अत्तराचा फवारा मारायचा म्हणून सगळे त्याला अत्तरवाला म्हणायचे. शहराबाहेर पत्र्याची एक शेड टाकून त्याने तिला 'परदेशी गाड्यांचे दालन' अशी पाटी लावली होती. दालन म्हणे! छपरातून चिमण्या विष्ठा टाकायच्या. त्याच्याकडे दोनच हत्यारं होती. एक काळ्या दाट रंगाचा डबा, आणि दुसरी वायर लोंबणारी एक छोटीशी पेटी. रंग त्याने माझ्या पोटाखाली फासला, त्यामुळे खाऱ्या पाण्याने धरलेला सगळा गंज दिसेनासा झाला. पेटी त्याने माझ्या डॅशबोर्डाला जोडली, दोन बटणं दाबली, आणि गाडी किती किलोमीटर धावली ते दाखवणाऱ्या माझ्या मीटरवर बेचाळीस हजारांचा आकडा आला.

मित्रांनो, त्या क्षणी मला संताप यायला हवा होता. पण मला गुदगुल्या झाल्या. एकाच दुपारी मी पुन्हा तरुण झाले होते. कोण नाही म्हणेल?

मग गिऱ्हाइकं येऊ लागली, आणि माणूस किती खालच्या दर्जाचा असू शकतो ते मला कळलं. एकाने माझ्या टायरला लाथ मारली आणि जाणत्यासारखी मान हलवली. लाथ मारून त्याला काय कळलं, ते त्यालाच ठाऊक. एक कुटुंब आलं, माझ्यावर रेलून सगळ्यांनी फोटो काढले, आणि शेजारची मोटारसायकल घेऊन गेलं. एका गृहस्थाने विचारलं, "यात मागे गॅसची टाकी बसेल का?" त्या दिवशी माझी बॅटरी उतरली, ती उगाच नाही.

आणि अशा सगळ्या घाऊक मूर्खांनंतर आले ब्रेकमास्तर.

बुटका माणूस, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, आणि डाव्या बुटाचा तळ उजव्याच्या दुप्पट झिजलेला. शहरात त्यांची ड्रायव्हिंग शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे घराचं अंगण, एक खोलीभर ऑफिस आणि एक पिचकी चारचाकी. तिला विद्यार्थी 'डबी' म्हणायचे, आणि ते नाव तिला शोभत होतं. या देशात गाडीचं चाक उजवीकडे असतं. डबीत उजवीकडे शिकाऊ बसायचा आणि डावीकडे मास्तर. मास्तरांच्या डाव्या पायाखाली एक जादा ब्रेक बसवलेला होता. शिकाऊ चुकला की मास्तर तो ब्रेक दाबायचे. तीस वर्षं त्यांनी एवढंच केलं होतं, म्हणून ते ब्रेकमास्तर.

सोबत त्यांची बायको होती. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. ती शाळेचं ऑफिस सांभाळायची, फॉर्म भरायची, डबी धुवायची, आणि वर्षातून एकदा डबीच्या पेडलांची झिजलेली रबरं स्वतःच्या हाताने बदलायची. असल्या बाईला माझ्यातलं काय कळणार, असं मला वाटलं. तिने ना माझं कातडं पाहिलं, ना डॅशबोर्डावरचं लाकूड. सरळ दार उघडून गुडघ्यावर बसली आणि माझ्या ब्रेकच्या पेडलावरून अंगठा फिरवला.

"अहो, इकडे या जरा," ती म्हणाली. "हे रबर बघा. रेघा पार गुळगुळीत झाल्यात."

"असेल गं," मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं.

"असेल कसं? डबीचं रबर इतकं झिजायला पाच वर्षं लागतात, आणि तिच्यावर रोज दहा माणसं नाचतात. बेचाळीस हजारांत एवढं झिजत नाही."

अत्तरवाला घाईघाईने पुढे आला. "वहिनी, पहिल्या मालकाचे पाय जड होते."

पाय जड! मालक मागे बसायचा हे मी ओरडून सांगितलं असतं. पण सांगितलं असतं तर आकड्याचंही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. त्या 'रबरवाल्या बाई'चा मात्र मला मनापासून राग आला. कुणाच्या पायांकडे बघून वय ओळखायचं नसतं, एवढीही रीत तिला नव्हती.

तेवढ्यात मास्तर सवयीने डावीकडचं दार उघडून आत बसले, आणि बसल्याबसल्या त्यांचा चेहरा बदलला. माझ्या देशात चाक डावीकडे असतं. तीस वर्षं ज्या बाजूला बसून त्यांनी दुसऱ्यांच्या हातातलं चाक पाहिलं होतं, त्याच बाजूला आज त्यांच्या समोर चाक होतं. त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले.

"हीच घेऊ," ते म्हणाले.

"अहो, पण ते रबर..."

"हीच."

अशी माझी विक्री झाली. मला वाटलं, निदान या माणसाला चाकाची कदर आहे. किती भोळी होते मी!

खरं काय ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. गाडीत बसलेली माणसं गाडीला बहिरी समजतात. अंगणात मी उभी असताना मास्तर आत बसले, बाई शेजारी उजवीकडे बसली, आणि काचा वर केल्यावर मास्तरांनी खिशातून एक पत्र काढलं. परवाना कचेरीचं पत्र होतं. साठी ओलांडलेल्या प्रत्येक शिक्षकाने परीक्षकासमोर स्वतः गाडी चालवून दाखवायची, असा नवा नियम निघाला होता. परीक्षा सहा आठवड्यांवर होती. नापास झाले तर शिकवायचा परवाना रद्द आणि शाळा बंद.

"हे पत्र माझ्या टेबलाच्या खणात तुम्ही लपवलं होतं," मास्तरीणबाई म्हणाली. "माझ्याच खणात. लपवायची काय ही अक्कल!"

"अगं, कसं सांगू तुला? अठ्ठावीस वर्षांत मी स्वतः गाडी चालवलेली नाही."

"मला काय नवीन सांगता? बाजारात जायचं तर विद्यार्थी, दवाखान्यात जायचं तर विद्यार्थी. माझ्या बहिणीच्या घरी जायला तुम्ही नऊ दिवस लावलेत, कारण तेव्हा एकही शिकाऊ नव्हता."

मास्तरांनी घाम पुसला. "चाकाला हात लावला की मला रस्ता दिसतच नाही. चुका दिसतात. हा आता आरसा न बघता वळणार, ती आता धाडकन दार उघडणार, तो सायकलवाला मध्ये येणार. तीस वर्षं दुसरं काही बघितलंच नाही ना. पण या गाडीत चाक माझ्या सवयीच्या बाजूला आहे. क्लचचीही भानगड नाही. या बाजूला बसून मला कधीच भीती वाटली नाही. म्हणून म्हटलं, हिच्यात जमेल."

मित्रांनो, मी ऐकत होते आणि माझं इंजिन बंद असूनही गरम झालं. अर्ध्या शहराला गाडी शिकवणारा माणूस स्वतः गाडीला भीत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि मला घेतलं ते माझ्या घराण्यासाठी नाही, लाकडासाठी नाही, दाराच्या आवाजासाठी नाही, तर चाक डावीकडे आहे एवढ्यासाठी! इतका अपमान कारखानदाराच्या मुलीनेही केला नव्हता.

थांबा, अपमान अजून पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईने माझ्या पाठीवर आणि कपाळावर दोऱ्याने एकेक पाटी बांधली. पाटीवर लाल रंगात लिहिलं होतं, 'शिकाऊ चालक'. माझ्या कपाळावर! ज्या बॉनेटवर हातमोजेवाला ड्रायव्हर हरणाचं कातडं फिरवायचा, त्यावर! अंगणात उभी असलेली डबी माझ्याकडे बघत होती. मी मान वळवू शकले असते तर वळवली असती.

जुन्या गोदामांच्या मागे एक मोकळं पटांगण होतं. रोज दुपारी जेवणानंतर आम्ही तिथे जायचो. तिथवर मला दाताच्या एक डॉक्टरीणबाई चालवत न्यायच्या. त्या तीनदा नापास होऊन चौथ्यांदा शिकत होत्या आणि वळताना डोळे मिटायच्या. पटांगणात आल्यावर त्या झाडाखाली जाऊन बसायच्या आणि मास्तर चाकावर बसायचे. मास्तरीणबाई उजवीकडे, जिथे या देशात ड्रायव्हर असतो तिथे, हाताची घडी घालून. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, एक बाई हात बांधून, चाकाशिवायच गाडी चालवतेय. गोदामावरचे हमाल काम सोडून बघत उभे राहायचे.

आणि चालवणं कसलं! मास्तरांचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असायचा, आणि डावा पाय त्याच वेळी ब्रेकवर. तीस वर्षांची सवय. एक पाय म्हणायचा जा, दुसरा म्हणायचा खबरदार. मी कण्हत, कुंथत, जळक्या वासाने गुदमरत ताशी आठ किलोमीटरने सरकायचे. मी, जी दोनशेच्या वेगात कपातला चहा हलू देत नसे!

"डावा पाय मागे घ्या," मास्तरीणबाई म्हणायची.

"घेतलाय."

"घेतला नाहीये. आरसा बघा. आरसा! समोर ड्रम आहे, तो चालत येऊन तुम्हाला धडकणार नाही."

"तुला काय कळतं गं? तू कधी गाडी चालवलीस?"

"तुम्ही शिकवलीत कधी? शंभरदा म्हटलं. दरवेळी म्हणालात, तुला काय गरज, मी आहे ना. आणि तीस वर्षं माझ्या खिडकीखाली ओरडत राहिलात. माझं सगळं पाठ झालंय."

ते खरं होतं. ती एकदाही चाकावर बसली नव्हती, पण मास्तरांची वाक्यं तिच्या तोंडून जशीच्या तशी यायची. ती ऐकताना मला हसू यायचं. आंधळ्याला पांगळीने वाट दाखवायची आणि मध्ये मी पिसायचं, असा तो रोजचा तमाशा होता.

पाच आठवडे गेले. मास्तर तिथेच होते. मी मात्र आणखी झिजले होते. आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती मी जरा हळू आवाजात करते. त्या काळ्या रंगाखाली माझ्या ब्रेकची एक नळी गंजाने कागदासारखी पातळ झाली होती. ते मला बंदरातल्या मैदानापासून ठाऊक होतं. रोजच्या त्या दुहेरी दाबाने ती आणखी पातळ होत होती. गाडी बोलू शकत नसली तरी कुरकुरू शकते, तेल गाळू शकते, लाल दिवा लावू शकते. मी यातलं काहीही केलं नाही. बेचाळीस हजार धावलेल्या तरुण गाडीच्या नळ्या गंजत नसतात. नळीचं सांगायचं म्हणजे वयाचं सांगायचं. मी तोरा सांभाळला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं लोक म्हणतात ना, ते त्या दिवसांत माझ्यापेक्षा चांगलं कुणालाच लागू नव्हतं.

परीक्षेला तीन दिवस उरले होते. त्या दुपारी मास्तरीणबाई चिडून म्हणाली, "एकदा तरी सरळ सोडा हिला. भिंतीपर्यंत मोकळं आहे." मास्तरांनी दात आवळले, उजवा पाय दाबला आणि पहिल्यांदाच डावा पाय मागे घेतला. मी सुटले. कितीतरी वर्षांनी वारा माझ्या कपाळाला लागला. चाळीस, पन्नास. आणि भिंत जवळ येताच मास्तरांचा डावा पाय, जगात ज्याला एकच काम येत होतं तो पाय, ब्रेकवर पडला.

नळी फुटली. पेडल चिखलात रुतल्यासारखं खालपर्यंत गेलं.

मास्तरांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. ब्रेक नाही, ही गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हती. समोरच्या भिंतीतच गोदामाचं फाटक होतं आणि फाटकाशी हमाल बसलेले होते.

मास्तरीणबाई ओरडली नाही. ती मास्तरांच्याच सुरात, खिडकीखालच्या त्या सुरात म्हणाली, "ब्रेक गेला तर घाबरायचं नाही. हॅन्डब्रेक हळूहळू ओढायचा. आणि गाडी कुठे घासायची ते आपण ठरवायचं." बोलताबोलता तिने दोन सीटांच्या मधला दांडा दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू ओढायला लागली. "मी ओढतेय. तुम्ही ठरवा."

मास्तरांनी ठरवलं. त्यांनी चाक डावीकडे वळवलं. धक्का न देता, न घाबरता, हातमोजेवाला वळवायचा तसं. पटांगणाच्या डाव्या कडेने थेट भिंतीपर्यंत वाळूचा लांब ढीग होता. त्या ढिगाला माझी डावी कूस घासत घासत त्यांनी मला नेलं. रंग गेला, आरसा गेला, कपाळावरची पाटी गेली. फाटकाच्या आठ-दहा हात अलीकडे मी थांबले. हमाल उठून उभेसुद्धा राहिले नव्हते, इतक्या लवकर सगळं संपलं.

मास्तरांनी पेडल पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"ब्रेक नव्हता," मास्तर म्हणाले.

"नव्हता."

"आणि तरी थांबली."

"तुम्ही थांबवलीत," मास्तरीणबाई म्हणाली, आणि मग ती रडली.

मला दोरीने ओढत गॅरेजात नेलं. ओढत कुणी नेलं असेल? डबीने. सगळ्या बाजारातून. यावर मी काही बोलणार नाही.

गॅरेजवाला मास्तरांचा पहिला विद्यार्थी होता. त्याने मला वर उचललं, पोटाखालचा रंग स्क्रूड्रायव्हरने खरवडला, तर रंगाबरोबर पत्राच खाली आला. "मास्तर, ही गाडी नाही, गंजाचं पोतं आहे," तो म्हणाला. "वरून महाल आणि खालून चाळणी." मग त्याने मागची सीट उचलली. सीटखाली हॉटेलातल्या चिमुकल्या साबणाच्या सात वड्या निघाल्या, आणि पितळी बिल्ला लावलेली एक किल्ली.

तर हे माझं बंद कपाट, मित्रांनो. त्या वर्षांत मी एका हॉटेलात होते. विमानतळावरून पाहुणे आणायचे, पाहुणे सोडायचे, दिवसरात्र. घामट पाहुणे, भांडणारे पाहुणे, साबण चोरणारे पाहुणे. माझ्या पोटात आणखी एका ठिकाणी धावलेल्या किलोमीटरांचा आकडा लिहिलेला असतो. अत्तरवाल्याची पेटी तिथपर्यंत पोचली नव्हती. गॅरेजवाल्याने तो वाचून दाखवला. तीन लाख अठरा हजार.

मी शिव्यांची वाट बघत होते. बाईने "मी सांगत होते" म्हणायची वाट बघत होते. ते ऐकायला मी तयार होते, कारण चूक मास्तरांची, असं मला तेव्हाही वाटत होतं. मास्तर खाली वाकले, ब्रेकच्या गुळगुळीत रबरावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तू हे पहिल्याच दिवशी बघितलं होतंस."

ती म्हणाली, "हात धुवा. परवा परीक्षा आहे."

अत्तरवाल्याकडे जाऊन काही उपयोग झाला नाही. त्या शेडमध्ये आता प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या विकायला ठेवल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी मी अंगणात, बॉनेट उघडं, एका बाजूने सोललेली, अशी उभी होते. डबी निघाली तेव्हा चाकावर दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या, मागे मास्तरीणबाई आणि मास्तर नेहमीप्रमाणे डावीकडे. मी मनात म्हटलं, संपलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोन तास गेले. तीन गेले. मग फाटकातून डबी आत आली. चाकावर मास्तर होते, आणि त्यांच्या खिशातून नव्या परवान्याचा कागद डोकावत होता. डावीकडे, जादा ब्रेकच्या जागी, मास्तरीणबाई होती. मागे डॉक्टरीणबाई बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे चक्क उघडे होते.

डबी थांबली. मास्तरांनी चाकावरचे हात काढले नाहीत. "खरं सांग," ते म्हणाले, "येताना ब्रेक दाबलास का?"

"एकदाही नाही," मास्तरीणबाई म्हणाली. आणि दार उघडून खाली उतरली, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आली, आणि म्हणाली, "आता सरका तिकडे. माझा नंबर."

त्या दुपारी डबीने अंगणात सात फेऱ्या मारल्या. कुंपणाचा एक खांब पडला. कुणाला काही वाटलं नाही.

मला भंगारात द्यावं, असं गॅरेजवाला म्हणत होता. मास्तर नको म्हणाले. माझं इंजिन काढलं, चाकं काढली, मीटर लागण्यापुरती बॅटरी तेवढी ठेवली आणि मला इथे ठोकळ्यांवर बसवलं. आता शाळेत जो कुणी नवा येतो, त्याचा पहिला धडा माझ्यात होतो. चिखलाच्या चपला घालून ते माझ्या कातड्यावर बसतात. बिस्किटं खातात. दार आपटतात, आणि माझं दार अजूनही 'थप्' असंच म्हणतं, पण ते ऐकायला कान लागतात आणि ते या लोकांना दिलेले नाहीत. धडा मास्तरीणबाई देते. ती प्रत्येकाला खाली वाकून ब्रेकच्या रबराला हात लावायला सांगते. आणि मग मीटरकडे बघायला सांगते. मीटरवर अजून बेचाळीस हजारच आहेत. त्याच्यावर तिने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'हा आकडा खोटा आहे. आधी पेडल बघा.'

पहिल्यांदा ती चिकटवली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाळावरच्या पाटीपेक्षाही ते वाईट होतं. मग हळूहळू सवय झाली. मग एकदा डॉक्टरीणबाई चिठ्ठी वाचून थबकल्या, नंतर एक जुनी गाडी विकत घ्यायला गेल्या तिथे आधी पेडलाला हात लावला, आणि ती गाडी घेतली नाही. हे सगळं त्या इथेच, माझ्या सीटवर बसून मास्तरीणबाईला सांगत होत्या. त्या दिवशी मला जे वाटलं, ते हातमोजेवाला फुंकर घालायचा तेव्हाही वाटलं नव्हतं.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी गाडीने म्हणायचं असतं की मला पुसा, तेल घाला, माझी निगा राखा. मी म्हणणार नाही. तुमच्या फडक्यांचा मला काही भरवसा नाही, आणि हरणाचं कातडं तुमच्याकडे असणार नाही. सीट फाटू द्या, आरशावर चिमण्या बसू द्या. एवढंच करा. उन्हाने त्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटलाय. येताना थोडा डिंक घेऊन या.